मांडवगडाचा दुसरा दरवाजा

पावसाने जोर धरला, आभाळ खाली उतरले की मांडवगडाची आठवण होत नाही असे मराठी घर माळव्यात विरळाच. इंदूर, देवास, धार, उज्जैन या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींची ही ठरलेली सहल. त्यातून आमचे भाग्य असे, की शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच सुरू होतो, त्यामुळे मांडवला जाण्यास आम्हांला दीड महिन्याचा श्रावण मिळतो. यंदा त्या पहिल्या पंधरवड्यातच आम्ही सहकुटुंब निघालो. बरोबर थोरल्या वहिनी, धाकटी नात, दशम्यांचा डबा आणि खिशात एक घडी घातलेला कागद होता.

त्या कागदाची हकीकत आधी सांगणे बरे. इंदूरच्या आमच्या जुन्या वस्तीत तीन रस्ते मिळतात त्या जागेस 'इमली चौक' म्हणतात. चिंच केव्हाच पडली, तिचा बुंधाही आता कोणास दाखविता येणार नाही, पण चौक चिंचेचाच राहिला. आमचे वडील, ज्यांना सारी वस्ती नाना म्हणे, त्यांनी याच वस्तीतल्या मुलांना पस्तीस वर्षे गणित शिकविले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी यंदा मनावर घेतले की चौकाला नानांचे नाव द्यायचे. महापालिकेकडे करावयाचा अर्ज त्यांनी तयार केला, शंभरावर सह्या जमविल्या आणि कुटुंबाची संमती म्हणून आमच्या सहीसाठी तो घरी आणून दिला. अर्जात तीन रकाने होते : सध्याचे नाव, सुचविलेले नाव, कारण. आम्हांला हे मनातून फार आवडले होते, हे कबूल करावयास हवे. वहिनी मात्र गप्प होत्या. "मांडवहून आल्यावर सही करू," एवढेच त्या म्हणाल्या.

इंदूरहून मांडव शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. मोटार हाकणारा तरुण आमच्या ओळखीचा होता, आमच्याच वस्तीतला, चौकामागच्या गल्लीत राहणारा. मोठा बोलका. धार येईपर्यंत त्याने नातीला वाटेतल्या निम्म्या गावांची नावे पाठ करून दिली. धारला पवारांच्या किल्ल्याकडे पाहून वहिनींनी परिपाठाप्रमाणे हात जोडले. याच किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. इतिहासात त्या दोघांविषयी चांगले थोडे आणि वाईट फार लिहिले आहे, पण परमुलखात आपल्या माणसाचे नाव निघाले की आपल्या मंडळींना बरे वाटते, त्याला इलाज नाही.

धारच्या पुढे नालछा गेले की रस्ता चढू लागतो आणि उजवी-डावीकडे हिरव्या दऱ्या उघडतात. काकडा खोह नावाच्या खोल दरीवर मोटारी थांबतात, भिल्ल बायाबापड्या भाजलेली कणसे आणि गोरखचिंचेची मोठाली फळे घेऊन बसलेल्या असतात. ही गोरखचिंच म्हणजे मांडवचे नवल. पोटऱ्या फुगलेले, मुळे आभाळात असल्यासारखे दिसणारे हे झाड मूळचे आफ्रिकेतले. येथे त्याला म्हणतात खुरासानी इमली. म्हणजे ना ते खुरासानचे, ना ती इमली, आणि तरी हे दोन्ही बाजूंनी चुकलेले नाव शतकानुशतके सुखाने चालले आहे. आम्ही खिशातल्या कागदाला हात लावून पाहिला.

गडावर जाताना दरवाजे लागतात. पहिला आलमगीर दरवाजा, औरंगजेबाच्या कारकिर्दीतला. आमच्या सारथ्याने तो नातीला हौसेने दाखविला. त्यानंतरच्या दरवाजातून मोटार गेली तेव्हा नातीने विचारले, "आणि हा कुठला?" एवढा वेळ अखंड बोलणारा तो तरुण काही बोलला नाही. त्याला ऐकू गेले नसावे असे समजून आम्हीच पुस्तकी उत्साहाने सांगून टाकले, "हा भंगी दरवाजा." आणि वर त्याची आख्यायिकाही सांगितली, की दरवाजाचा पाया भरताना एका सफाई करणाऱ्या माणसाचा बळी दिला होता म्हणे, म्हणून हे नाव. वहिनींनी आमच्याकडे एकदा पाहिले. मोटार दिल्ली दरवाजाकडे वळली. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही आणि का बोलले नाही हे आमच्या ध्यानात यावयास संध्याकाळ व्हावी लागली.

मांडव पाहणे म्हणजे एका अर्थी नावांचे संग्रहालय पाहणे होय. खुद्द गावाचीच चार नावे. तालनपूर येथे सापडलेल्या एका मूर्तीवर विक्रम संवत ६१२ चा, म्हणजे इसवी सन ५५५ चा लेख आहे, त्यात 'मंडपदुर्ग' असा उल्लेख येतो. त्या मंडपदुर्गाचे लोकांच्या जिभेवर मांडव झाले, मांडू झाले. आमच्या आजोबांच्या तोंडी मांडवगड असे, नानांच्या तोंडी मांडव, आमच्या मुलांच्या तोंडी मांडू. नगरपरिषदेच्या दप्तरी आजही मांडवच आहे. चौथे नाव शादियाबाद, आनंदनगरी. हे माळव्याच्या सुलतानांनी ठरवून, फर्मानाच्या थाटात दिलेले. त्यांनी ते नाण्यांवरही पाडले. राज्य गेले, नाणी वितळली, आणि आज बाजारात शादियाबाद कोठे म्हणून विचाराल तर दुकानदार तुम्हांला इंदूरची बस दाखवील.

उलट जी नावे कोणत्याच दरबाराने ठरविली नाहीत ती कशी चिवट आहेत पाहा. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये सुलतान गियासुद्दीनाच्या नावाशी जोडलेला जहाज महाल उभा आहे. पावसात दोन्ही बाजूंना पाणी चढले की तो तरंगतो असे वाटते. हे नाव ज्याने प्रथम उच्चारले तो कोणी कवी असेल वा गुराखी असेल, पण त्याने डोळ्यांनी पाहून नाव ठेविले. मुंज तलावात परमार राजा मुंजाचे नाव त्याच्या वंशाचे राज्य बुडाल्यावरही राहिले. अशर्फी महाल मुळात मदरसा. प्रत्येक पायरीमागे राणीला एक अशर्फी दिल्याची गोष्ट वाटाडे सांगतात आणि त्या गोष्टीने मदरशाचे नाव पुसून टाकले. गदाशाहाचे दुकान पाहा. 'गदा' म्हणजे भिकारी. भिकाऱ्यांचा शाह असा हा कोण सावकार, यावर विद्वानांनी तर्क केले आहेत. मेदिनीरायाशी त्याची सांगड घालतात आणि ती भव्य इमारत दुकान नसून दरबारी दालन असावे असे म्हणतात. लोकांनी त्याचे दुकानच ठेविले.

सर्वांत गोड नावे सागर तलावाच्या बाजूला आहेत. 'दाई का महल' आणि त्याच्या अलीकडे 'दाई की छोटी बहन का महल'. दोन्ही वास्तविक कबरी. कोणाची दाई, तिची धाकटी बहीण कोण, काही पत्ता नाही. नात तेथे प्रतिध्वनीसाठी "मावशीऽऽ" अशी हाक मारून आली आणि परत आलेली हाक ऐकून खूष झाली. आमच्या मनात आले, की कोणत्या नगरपालिकेने ठराव करून एका दाईच्या धाकट्या बहिणीचे नाव वास्तूला दिले असते?

दुपारी झाडाखाली डबा सोडला. जवळच खाकऱ्याच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ मिळाली, तेव्हा दशम्या तशाच राहिल्या. जेवताना देवासच्या आमच्या आप्तांचा विषय निघाला. २०२५ च्या फेब्रुवारीत देवास जिल्ह्यातील ५४ गावांची नावे बदलण्याची घोषणा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पीपलरावां येथील कार्यक्रमात केली. घोषणेपासून खसऱ्यावर नवे नाव चढेपर्यंत पुष्कळ पायऱ्या असतात. गावाचे वा शहराचे नाव बदलावयाचे तर राज्याच्या प्रस्तावाला केंद्रीय गृहमंत्रालयाची ना-हरकत लागते, आणि ते मंत्रालय रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांना विचारते. रस्ते, चौक, उद्याने यांची नावे मात्र स्थानिक संस्थेच्या हाती. दिल्लीत तर या कामासाठी एक स्वतंत्र प्राधिकरणच आहे. पुष्कळ शहरे हयात माणसाचे नाव जागेस देत नाहीत. नानांना जाऊन बारा वर्षे झाली, तेव्हा आमची ती अडचण नव्हती.

गावांच्या नावांविषयी केंद्राने ११ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यांना घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाहण्याजोगी आहेत. लोकांच्या अंगवळणी पडलेली नावे शक्यतो बदलू नयेत. इतिहासाशी जोडलेल्या नावांना हात लावू नये. केवळ स्थानिक अभिमानापोटी, किंवा थोर पुढाऱ्यांविषयी आदर दाखविण्यासाठी नाव बदलू नये. नवे नाव असे नसावे की राज्यात वा शेजारी त्याच नावाचे दुसरे गाव असून घोटाळा व्हावा. आणि बदल सुचविताना कारणे सविस्तर द्यावीत. सत्तर वर्षांपूर्वी कोणा अधिकाऱ्याने हे शांतपणे लिहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे टपालवाला असावा, असे आम्हांला नेहमी वाटते. हे नियम पाळले कमी गेले, आणि प्रत्येक पक्षाच्या राजवटीत कमी गेले.

त्याचा दाखला आम्ही त्याच दिवशी पाहिला. होशंगशाहाची कबर संगमरवराची, घुमटाची, मोठी शांत. माळव्याची राजधानी धारहून मांडवास आणणारा हाच. त्याचे स्वतःचे मूळ नाव अल्पखान, म्हणजे त्यानेही गादीवर बसताना नाव बदलले होते. दाराच्या चौकटीवर १६५९ सालचा एक लेख आहे. शाहजहानच्या पदरचे चौघे स्थापत्यकार, लुत्फुल्ला, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद, या कबरीला वंदन करण्यास आले आणि आपली नावे कोरून गेले. नर्मदाकाठी या सुलतानाने वसविलेले होशंगाबाद २०२२ च्या फेब्रुवारीपासून अधिकृतपणे नर्मदापुरम् झाले. नर्मदेच्या गावाला नर्मदेचे नाव, यात वावगे काही नाही, आणि तेथील कित्येकांना त्याचा मनापासून आनंदही झाला. मात्र मांडव आणि ते गाव यांच्यामधला जो एक धागा नकाशावर दिसत असे, तो आता माहीतगारालाच दिसेल. देवासच्या त्या चोपन्न गावांविषयीही आमचे एवढेच म्हणणे, की ज्यांच्या शिधापत्रिकेवर ते नाव आहे त्यांना ओसरीवर बसून विचारावे. त्यांना हवे असेल तर आपण कोण नको म्हणणार, आणि त्यांना नको असेल तर आपण कोण हवे म्हणणार?

आमच्या इंदुरास या गोष्टी नव्या नाहीत. मल्हारगंज, तुकोगंज, स्नेहलतागंज, मनोरमागंज ही होळकरांच्या घरातली नावे दरबाराने दिली आणि ती रुजली, कारण नाव आणि वस्ती बरोबरच वाढली. १९०४ साली बांधलेल्या किंग एडवर्ड हॉलचा १९४८ मध्ये गांधी हॉल झाला. तो बदल रास्तच होता, तरी जुनी माणसे त्याला घंटाघरच म्हणत राहिली. महू २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. बाबासाहेबांचा जन्म तेथला, तेव्हा या नावाचा हक्क त्या गावाइतका दुसऱ्या कोणाला नाही. बोलताना अजून 'महू' येते, पण १४ एप्रिलला देशभरातून लोक येतात तेव्हा ज्या आदराने नवे नाव घेतले जाते तो ऐकण्यासारखा असतो.

उन्हे कलताना रेवाकुंडावरून वर गेलो. बाजबहादूरचा महाल म्हणून जो दाखवितात त्यावरच्या लेखात १५०८-०९ हे साल आणि सुलतान नासिरुद्दीनाचे नाव आहे. बाजबहादूर गादीवर आला त्याच्या जवळजवळ अर्धे शतक आधीचा. रूपमतीचा मंडप ही मुळात निमाडावर नजर ठेवणारी चौकी. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, बाजबहादूर पळाला, आणि रूपमतीने विष घेतले असे सांगतात. त्यानंतर लोकांनी या इमारती त्या दोघांच्या नावे करून टाकल्या. पुरातत्त्वखात्याने फलक लावले तेव्हा त्यालाही तीच नावे लिहावी लागली. वर उभे राहिलो तेव्हा ढग क्षणभर फाटले आणि खाली निमाडात नर्मदेची रेघ चमकली. आम्ही नातीला म्हणालो, "लोकांनी दिलेले नाव खरे. ते बदलू नये." आणि मनाशी ठरवून टाकले, की अर्जावर सही करावयाची नाही. चिंचेचा चौक चिंचेचाच राहू दे. नानांना ते आवडले असते.

या निश्चयाने आम्ही काहीसे प्रसन्न होऊन परत निघालो होतो. गड उतरताना पुन्हा तोच दरवाजा आला. अंधारून आले होते, कमानीतून पाणी टपकत होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "लोकांनी दिलेले नाव खरे, असे तुम्ही मघाशी म्हणालात. या दरवाजाचे नावही लोकांनीच दिले ना? कोणत्या लोकांनी?"

आम्ही निरुत्तर झालो. दाईला नाव देणारे लोक प्रेमाने देतात, आणि तेच लोक दुसऱ्या कोणाला त्याची जात हेच नाव म्हणून देतात. ज्याचा बळी गेला असे सांगतात त्याचे नाव कोणी सांगत नाही. त्याच्या जातीचा तेवढा दरवाजा झाला. १९५३ च्या नियमांत सवयीचा विचार आहे, इतिहासाचा आहे, टपालाचा आहे. पण जे नाव ऐकताना कोणाची मान खाली जाते त्याचे काय करावे, हे त्यात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय केला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे सुचविली, ती याच उणिवेची भरपाई होती. मांडवच्या त्या दरवाजाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. तेथे काय लिहावे हे जाणत्यांनी ठरवावे. कदाचित नाव ठेवून, येथे एका निरपराध माणसाचा बळी गेल्याचे सांगतात, असे फलकावर स्पष्ट लिहिणे अधिक प्रामाणिक होईल.

पण आमचा प्रश्न पुस्तकातला नव्हताच. आमच्या चौकामागे जी गल्ली आहे, जेथे हा मोटार हाकणारा तरुण राहतो, तिला वस्ती एका जातीच्या नावाने ओळखते. आम्हीही ओळखतो. चाळीस वर्षे घराचा पत्ता सांगताना आम्ही 'अमक्या मोहल्ल्याच्या अलीकडे' असे निःशंकपणे म्हणत आलो. ते नाव येथे लिहीत नाही. चौकाच्या नावासाठी शंभर सह्या जमल्या, त्या गल्लीच्या नावाचा विचार शंभरांतल्या एकालाही सुचला नाही. सकाळी त्या दरवाजात तो का गप्प झाला हे तेव्हा कळले, आणि आपण त्याच्यासमोर ती कथा कोणत्या थाटात सांगितली हेही आठवले.

नालछाच्या पुढे चहासाठी थांबलो तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "भैया, सुबह हमसे गलती हुई." तो हसला. "नहीं बाबूजी, कोई बात नहीं," एवढेच म्हणाला आणि चहाचा पेला फिरवीत राहिला. मग वहिनींनी विचारले, की तुमच्या गल्लीला तुम्ही स्वतः काय म्हणता? तो म्हणाला, "हम लोग तो शुरू से पीपल वाली गली बोलते हैं, माताजी. बाहर के लोग दूसरा बोलते हैं."

पिंपळ आजही तेथे आहे. आम्ही तो रोज पाहतो.

घरी आल्यावर अर्ज पुन्हा लिहिला. नानांच्या विद्यार्थ्यांना आधी वाईट वाटले. नंतर त्यांतलेच दोघे त्या गल्लीत घरोघर गेले, बसले, विचारून आले, आणि पहिल्या सह्या तेथल्याच घेतल्या. चौकाचे नाव आहे तेच राहावे, त्याच्या फलकावर नानांचे नाव नसले तरी चालेल, गल्लीला मात्र पिंपळ गल्ली असा फलक लागावा, असे आता त्यात आहे. कारणाच्या रकान्यात वहिनींनी आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली : 'तेथील रहिवासी तिला याच नावाने ओळखतात.'

अर्ज देऊन दोन महिने झाले, उत्तर आलेले नाही. सभेत ठराव येईल, हरकती मागवतील, त्याला वेळ लागणारच. परवा नागपूरहून पाहुणे यावयाचे होते. स्टेशनवरून त्यांनी टेलिफोन करून पत्ता विचारला. वहिनी सांगत होत्या, "चिंचेच्या चौकातून आत या, आणि पिंपळ गल्लीच्या अलीकडचे घर." पाहुण्यांना रिक्षावाल्याने तीन ठिकाणी विचारीत आणले, अर्धा तास उशीर झाला. पोहे निवले. वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी सापडेल."